लंगोट की डायपर? आधी पाणी बघा, दोरी बघा आणि धुणारे हात ठरवा

बाळासाठी कापडी लंगोट घ्यावेत की विकतचे डायपर, असं विचारणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला मी आधी तीन प्रश्न विचारते. नळाला पाणी कधी आणि किती येतं? कपडे वाळत घालायला जागा कुठे आहे, तिथे ऊन येतं का? आणि बाळाचं धुणं रोज धुणार कोण, त्या माणसाचं नाव सांग. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जणी गप्प बसतात. ‘बघू, सगळे मिळून करू’ हे उत्तर इथे चालत नाही. बाळंतिणीनं सव्वा महिना गार पाण्यात हात घालू नये असं सगळं घर म्हणतं, आणि त्याच घरात लंगोटांची बादली दुपारपर्यंत तशीच पडून असते. शेवटी ती बाळंतीणच उठते. म्हणून नाव आधी ठरवा. नवरा, आई, सासूबाई, धुण्याच्या मावशी, कुणीही चालेल, पण ठरलेलं माणूस हवं.

माझी थोरली सोलापूरला माहेरी झाली, चैत्रात. धाकटा ठाण्यात, ऐन आषाढात. सोलापूरला गच्चीवरच्या दोरीवर टाकलेला लंगोट तासाभरात कडकडीत वाळायचा, पण नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. ठाण्यात पाणी रोज, पण जुलैमध्ये ऊन नाही. बाल्कनीत दोन-दोन दिवस कपडे दमट राहायचे आणि त्यांना कुबट वास यायचा. आई मीच, मतंही तीच, तरी दोन्ही वेळी उत्तर वेगळं निघालं. थोरलीला दिवसभर लंगोट आणि रात्री एक डायपर. धाकट्याला पावसाळाभर निम्मं-निम्मं, आणि दसऱ्यानंतर ऊन पडायला लागल्यावर पुन्हा बरंचसं कापडी. तेव्हा ‘कापडी चांगलं की डायपर चांगला’ असा सरसकट निकाल मी देणार नाही. तुमच्या घरात कुठल्या वेळी काय चालेल, ते कसं ठरवायचं एवढं सांगते.

पहिला महिना

इथे मात्र माझं मत पक्कं आहे. पहिल्या महिन्यात, दिवसा, जुन्या सुती कापडाच्या साध्या लंगोटाला तोड नाही. तान्हं बाळ अंगावर पाजलं की थोडी थोडी शी करतं, शू तर सारखी चालूच असते. चमचाभर शीसाठी दर वेळी डायपर फेकला तर पैसे जातात, आणि जाऊ दे म्हणून तोच ठेवला तर कातडी लाल होते. शिवाय दूध पुरतंय की नाही, हे लंगोट लगेच सांगतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी बाळ चांगलं ओलं झालं पाहिजे. डायपर दोन-तीन वेळची शू मुकाट्यानं पिऊन घेतो, त्यामुळे नव्या आईला मोजता येत नाही. डायपर घातलाच असेल तर त्यावरची पिवळी रेघ बघा. ओलावा लागला की ती निळी होते.

पहिल्या दोन-तीन दिवसांची शी काळपट हिरवी आणि डिंकासारखी चिकट असते. ती कापडातून निघता निघत नाही. त्या दिवसांपुरते अगदी जुने, फेकून दिले तरी चालतील असे तुकडे ठेवा किंवा सरळ डायपर वापरा. बाळाला दर वेळी पुसून झाल्यावर बुडाला खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवलं तर पुढची शी सहज निघते.

कापड नवं आणू नका. आजीची नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, आजोबांचं धोतर, हे सगळ्यात उत्तम. साडी पूर्ण सुती आहे का, हे ओळखायला तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच जिरला तर कापा, वर तसाच राहिला तर बाजूला ठेवा. काठ आणि जर कापून टाका, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटरचे चौकोन करा आणि चारही कडा दुमडून शिवून घ्या. टीप घालायचा कंटाळा करू नका. कच्च्या कडेचा सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या शिश्नाला गुंडाळला जातो, आवळतो, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. माझी आई प्रत्येक लंगोट उलटा करून, दोरे बघून मगच घडी घालायची.

बांधायचं असं: चौकोन तिरका दुमडला की त्रिकोण होतो. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, टोक पायांकडे. टोक पायांमधून वर पोटावर आणायचं, डावीकडचं-उजवीकडचं टोक त्यावर घेऊन सैल गाठ मारायची. गाठ बेंबीच्या खाली आणि किंचित बाजूला. नाळ सुकून पडायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर लंगोट असो की डायपर, बेंबीच्या खालीच राहिला पाहिजे. गाठीखालून तुमची दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. मुलगा असेल तर जादा घडी पुढे घ्या आणि शिश्न खालच्या दिशेला ठेवा, नाहीतर शू वरून बाहेर येऊन झबलं भिजतं. मुलीला घडी मध्ये आणि मागे लागते. सेफ्टी पिन लावू नका.

एक गोष्ट घरच्या मोठ्यांना प्रेमानं पण ठामपणे सांगा. वर दुपट्यात गुंडाळताना बाळाचे पाय ओढून सरळ करून घट्ट बांधायचे नाहीत. पाय गुडघ्यात दुमडलेले आणि बाहेरच्या बाजूला मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. ‘डायपरनं पाय फेंगडे होतात’ या भीतीत तथ्य नाही. तान्ह्या बाळाचे पाय मुळातच थोडे वाकडे असतात आणि चालायला लागल्यावर दोनेक वर्षांत आपोआप सरळ होत जातात.

धुणं

सगळी मदार यावर आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सोलापुरात पाणी जपून वापरायची सवय असल्यामुळे आईची पद्धत ठरलेली होती आणि ती मी ठाण्यातही मोडली नाही. शीचा लंगोट आधी संडासात झटकायचा. चिकटलेलं राहिलं असेल ते जेट स्प्रेनं किंवा मगाच्या धारेनं तिथेच काढायचं. हे पाणी गारच हवं. पहिल्यांदाच गरम पाणी घातलं की डाग बसतो. शूचे लंगोट वेगळ्या बादलीत, नुसत्या पाण्यातून एकदा काढून. मग दोन्ही एकत्र साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचे, चोळायचे, आणि साबण जाईपर्यंत खळबळायचे. सगळ्यात शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते ओतून न देता झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीचे लंगोट पहिल्यांदा त्यातून काढायचे.

साबण गेला की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. पिळलेल्या लंगोटाचं शेवटचं पाणी काचेच्या पेल्यात घ्या आणि हलवा. फेस आला तर अजून एक पाणी. कित्येकदा बाळाच्या मांड्या लाल होतात त्या कापडात उरलेल्या साबणानं, आणि दोष मात्र लंगोटाला मिळतो. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी प्यायचं थांबतं. बादलीत रोज जंतुनाशक ओतायचीही गरज नाही. साबण, भरपूर पाणी आणि ऊन पुरतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग धुऊनही राहतो. तो घासत बसू नका. लंगोट ओला असतानाच डाग वर करून कडक उन्हात टाका. संध्याकाळपर्यंत डाग फिका पडतो, दोन-तीन उन्हांत जातो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा साबणाच्या जाहिराती आठवल्या, इतकं ते लख्ख होतं.

पावसाळ्यात काय? मशीनमध्ये नुसतं पिळून घ्या, मग पंख्याखाली, एकावर एक न टाकता. जवळजवळ वाळलेल्या लंगोटावर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा, वाफ निघायची थांबली की पुन्हा दहा मिनिटं पंख्याखाली. कुबट वास आला तर तो लंगोट पुन्हा धुवायला टाका, बाळाला घालू नका. आणि ज्या दिवशी पुरेसे वाळलेच नाहीत त्या दिवशी बिनदिक्कत डायपर लावा. ओलसर कापडापेक्षा कोरडा डायपर केव्हाही बरा.

किती लंगोट लागतील? एका दिवसात पंधरा-वीस लागतात असं धरा. वाळायला एक दिवस पुरत असेल तर दुप्पट ठेवा, दोन दिवस लागत असतील तर तिप्पट. तिप्पट कापड ठेवायला आणि वाळवायला जागा नसेल, तर तुमच्या घरात पावसाळ्यात पूर्ण कापडीचा हट्ट धरू नका.

तयार कापडी डायपर

बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं, हातपाय उडवायला लागलं की साधा लंगोट सुटतो. मग बटणांचे तयार कापडी डायपर कामाला येतात. सुपरबॉटम्स, बम्बेरी अशी नावं तुम्ही ऐकली असतील. बाहेरून पाणी न सोडणारं पीयूएल नावाचं कापड आणि आत शू शोषणारं पॅड, अशी त्याची रचना असते. बटणं वर-खाली लावून माप वाढवता येतं. ‘जन्मापासून’ असं लिहिलेलं असलं तरी अगदी लहान बाळाच्या काटकुळ्या मांडीपाशी फट राहते आणि तिथून गळतं.

दुकानात किंवा ऑनलाइन बघताना आतलं पॅड कशाचं आहे ते वाचा. मायक्रोफायबर चटकन पितं, पण बाळ त्यावर बसलं की दाबानं सोडतं, आणि ते थेट कातडीला लागता कामा नये. सुती किंवा बांबूचं पॅड सावकाश पितं पण जास्त धरतं. नवीन पॅड पहिल्या दिवशी गळतंच. चार-पाच वेळा धुऊन वाळवल्यावर ते नीट प्यायला लागतं, तेव्हा पहिल्याच गळतीनं नाराज होऊन परत करू नका. एकदम संचही घेऊ नका. दोन कंपन्यांचे एकेक घ्या, तुमच्या बाळाच्या मांडीला कुठला बसतो ते बघा, मग बाकीचे घ्या. आणि पॅड शिवून टाकलेलं नको, सुटं निघणारं हवं. जाड शिवलेलं पॅड कोकणपट्टीच्या पावसात वाळता वाळत नाही. पॅड उन्हात वाळवा, बाहेरचं पीयूएल कापड सावलीत. त्याला उकळतं पाणी आणि इस्त्री वर्ज्य.

घातल्यावर मांडीपाशी बोट फिरवून आतलं पॅड कुठे बाहेर डोकावत नाही ना ते बघा. एक कोपरा जरी बाहेर राहिला तरी शू तिथून झबल्यात उतरते.

विकतचा डायपर

डायपर वापरणारी आई आळशी, असं म्हणणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. रात्री सलग चार तास झोपलेली आई बाळाला लागतेच. डायपरच्या आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे बारीक कण असतात, ते शू ओढून घेऊन जेली होतात, म्हणून बाळ कोरडं राहतं. कधी डायपर फाटून ती पारदर्शक जेली अंगाला लागली तर घाबरू नका, ओल्या कापडानं पुसा, फक्त बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

माप वयावर नव्हे, वजनावर घ्या. पाकिटावर किलो लिहिलेले असतात. मांडीवर लाल वळ उमटायला लागले किंवा पाठीकडून गळायला लागलं की पुढचं माप आणा, जुन्या पाकिटात उरलेत म्हणून ओढून घालू नका. सगळ्यात लहान मापाचं मोठं पाकीट घेऊ नका, बाळ भराभर वाढतं. नाळ पडेपर्यंत चिकटपट्टीवाला बरा. रांगायला लागल्यावर चड्डीसारखा चढवायचा सोपा. काढताना मात्र तो खाली ओढू नका, शी पायांना लागते. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढा. घातल्यावर मांडीभोवतीची झालर बोटानं बाहेर काढा. बहुतेक गळती आत दुमडलेल्या झालरीमुळे होते.

दिवसा दर दोन-तीन तासांनी बदला, शी झाली की लगेच. ‘बारा तास कोरडं’ हे रात्री बाळ झोपलेलं असताना ठीक आहे, दिवसभरासाठी नाही.

कातडी लाल झाली तर

शी आणि शू एकत्र आली की कातडी जळजळते, मग ती कापडात असो वा डायपरमध्ये. बदलताना कोमट पाणी आणि सुती फडकं, मुलीला कायम पुढून मागे पुसायचं. घासायचं नाही, टिपायचं. मग दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा. आपल्याकडे बाळाला दुपारी नुसत्या दुपट्यावर मोकळं ठेवतात, ते अगदी योग्य आहे. लाली दिसली तर झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. कापडी डायपर असेल तर मलमावर मलमलची पट्टी ठेवा, नाहीतर मलम पॅडमध्ये जाऊन बसतं. पावडर नको. ती उडून बाळाच्या श्वासातून आत जाते.

लाली जांघेच्या घड्यांमध्ये गडद असेल आणि भोवती बारीक लाल ठिपके विखुरले असतील, तर ती बहुधा बुरशी असते. जुलाबानंतर किंवा अँटिबायोटिकनंतर ती हमखास दिसते. तिला वेगळं औषध लागतं. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, फोड आले किंवा ताप आला तर बालरोगतज्ज्ञांकडे जा.

पैसे आणि कचरा

आपल्या भागातल्या किमती घालून हा हिशोब स्वतः करा. एक डायपर १२ रुपये धरला आणि दिवसाला सहा, तर महिन्याला २,१६० रुपये. फक्त रात्रीचा एक वापरला तर ३६०. म्हणजे महिन्याला १,८०० वाचले. ४०० रुपयांचे पंधरा कापडी डायपर ६,००० रुपयांत येतात, ते साधारण साडेतीन महिन्यांत वसूल होतात. साबण, वीज आणि धुण्याच्या मावशींचे जादा पैसे यात धरा. ते त्यांना द्यायलाच हवेत, बाळाची शी धुणं ‘असंच’ करून मागू नका. साडीचे लंगोट असतील तर हा खर्च जवळजवळ शून्यावर येतो.

पर्यावरणाचं म्हणाल, तर ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीनं २००८ साली एका मुलाच्या अडीच वर्षांचा हिशोब मांडला होता. फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम, आणि कापडीमुळे सरासरी ५७०. म्हणजे कापडी थोडं जास्तच! पण दोरीवर वाळवलं, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच कापड पुढच्या बाळालाही वापरलं, तर कापडीचा आकडा साधारण २०० किलोंनी खाली येतो. आपल्याकडे दोरी आहे, आणि थोरलीचं धाकट्याला वापरायची रीतही आहे. फक्त लंगोट गीझरच्या पाण्यात रोज धुवायला लागलात तर हा फायदा जातो.

पण कचऱ्याचा प्रश्न हिशोबापलीकडचा आहे. डायपर कुजत नाही, आणि तो कुणाच्या तरी हातातून जातो. २०१३ साली पुण्यात कचरावेचकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले होते, इतका तो त्रास असह्य होता. घनकचरा नियमांतही डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं आहे. तेव्हा शी आधी संडासात टाका, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा, वर वर्तमानपत्र, आणि त्यावर ठळक लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं ही खूण रुजवली. ठिपका दिसला की वेचणाऱ्या ताईंना पुडकं उघडावं लागत नाही. ओल्या कचऱ्यात तो कधीही टाकू नका, आणि संडासात तर नाहीच.

डायपर कमी करायचा एक जुना उपाय आहे. बाळ बसायला लागलं, साधारण सहा-सात महिन्यांनंतर, सकाळी उठल्या उठल्या आणि दूध प्यायल्यावर त्याला पायांवर घेऊन बसवायचं. आपण पाय पुढे घेऊन बसायचं, बाळाचं बूड दोन पावलांवर, तोंड आपल्याकडे, खाली कागद, आणि ‘शू शू’ म्हणत धीरानं थांबायचं. जबरदस्ती नाही, झाली तर झाली. थोरलीनं महिनाभरात सकाळची शी त्याच वेळेला करायला सुरुवात केली, आणि धुण्यातला सगळ्यात नकोसा भाग संपला.

बाहेर पडताना आणि कामावर परतताना

प्रवासात कापडीचा आग्रह नको. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये ओले लंगोट घेऊन बसण्यात अर्थ नाही. लागतील त्यापेक्षा दोन डायपर जास्त घ्या, आणि वापरलेले ठेवायला वेगळी पिशवी.

नोकरी करणाऱ्यांना पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. रजा संपायच्या महिनाभर आधी पाळणाघरात विचारा: कापडी डायपर चालतील का, दिवसातून किती वेळा बदलता, वापरलेले परत देता का? बहुतेक ताई नकार देतात, कारण त्यांना एका वेळी आठ-दहा मुलं बघायची असतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आमच्या पाळणाघरानं तोडगा मान्य केला तो असा: तिथे विकतचा, घरी आल्यावर कापडी. त्यांच्याकडे डायपर मोजून द्या, म्हणजे संध्याकाळी उरलेले मोजले की किती वेळा बदलला ते कळतं. कमी बदलले असतील तर भांडण न करता त्याच दिवशी बोला. आणि कापडी घेणारं पाळणाघर मिळालंच, तर घरी आल्याबरोबर चहाच्या आधी ती ओली पिशवी रिकामी करा. रात्रभर बांधून राहिलेल्या कापडाचा वास नंतर चार धुण्यांतही जात नाही.